तिसरा महिना

पहाटे साडेपाच

क्षयाच्या औषधपाण्यात अवघड महिना कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी तिसरा म्हणेन. पहिल्या महिन्यात माणूस भ्यालेला असतो, सांगाल ते ऐकतो. दुसऱ्यात त्याला भूक लागायला लागते. तिसऱ्यात खोकला बसलेला असतो, ताप गेलेला असतो, गालफडं भरायला लागतात, आणि तो म्हणतो, मला आता काय झालंय? औषध सहा महिन्यांचं. जंतू अजून अंगात दबा धरून असतात, पण ते काही त्याला दिसत नाहीत. त्याला दिसते फाट्यावर मजूर न्यायला उभी राहिलेली जीप.

आमच्याकडे नोव्हेंबरात भात कापणीला येतं आणि त्याच वेळी नाशिक-दिंडोरीकडे द्राक्षबागांत विरळणीची कामं निघतात. कुणी तिकडे जातं, कुणी नारायणगावला मजुरांच्या बाजारात जाऊन उभं राहतं. काल दुकानात कानावर आलं की माझ्या एका पेशंटने, भावजींनी, मुकादमाकडे जागा धरलीय. म्हणून आज अंधारातच फाटा गाठला.

मी आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती. गाव अकोले तालुक्यात, राजूरच्या वरच्या अंगाला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ते लिहिलं की पेशंट कोण हे आसपासच्या वाड्यांना लगेच कळेल. सासरचं गाव असल्यामुळे माझे अर्धे पेशंट दीर आणि अर्ध्या सासवा. त्यांच्यावर रागवायचं तर पदर सांभाळून रागवावं लागतं.

जीपमध्ये भावजी नव्हते. मुकादम म्हणाला, "आज नाही, उद्याचं म्हणलाय."

"त्यांना नेऊ नका. गोळ्या चालू आहेत."

"मी काय त्याला वढून नेतोय का ताई? मागल्या शिमग्याला उचल घेतलीय त्यानं. तोच म्हणतो, फेडतो."

उचलीची गोष्ट मला नवीन होती. पोळ्यानंतर औषध सुरू झाल्यापासून मी भावजींच्या घरात रोज जाते. चुलीपाशी बसते, चहा पिते, त्यांच्या लघवीचा रंगसुद्धा मला माहीत आहे. पण कर्जाचं कुणी बोललं नव्हतं. माणूस आजार सांगतो, देणं सांगत नाही.

सकाळी सात

गोळ्या सकाळी, उपाशीपोटी. भावजींचं वजन 35 ते 49 किलोच्या गटात बसतं, म्हणून एका वेळी तीन. पहिले दोन महिने एकेका गोळीत चार औषधं होती. पुढचे चार महिने तीन. दोन महिन्यांनी बेडका पुन्हा तपासला, त्यात जंतू दिसले नाहीत, आणि दिवाळीच्या पुढेमागे पाकीट बदललं. त्या बदलाचाच घोळ झाला. चाराची तीन औषधं झाली म्हणजे आजारही तेवढाच कमी झाला, असा हिशोब त्यांनी मनाशी केला.

पहिल्या आठवड्यात उलट भीती होती. लघवी केशरी झाली तेव्हा रक्त पडतंय म्हणून घरात रडारड. रिफाम्पिसिन नावाच्या औषधाने तसं होतं, हे मी आधी सांगितलं होतं. पण सांगणं आणि बघणं यांत फरक असतो. मळमळ होती, सांधे दुखत होते. एकदा डोळे पिवळे दिसतात असं घरातल्या म्हाताऱ्या आत्याबाईंना वाटलं, म्हणून दुपारच्या गाडीने राजूरच्या ग्रामीण रुग्णालयात गेलो. काही निघालं नाही. पण या गोळ्या यकृताला जड जातात, आणि त्यावर हातभट्टीची पडली तर खरंच कावीळ होऊ शकते. दारूचं मी त्यांच्या बायकोसमोर, म्हणजे वहिनींसमोर, कधी विचारत नाही. ओट्यावर दोघंच असलो की विचारते, आणि भावजी खरं सांगतात, असं मी धरून चालते.

आज गोळ्या हातात देऊन मी सरळ म्हटलं, "उद्या जीपला जायचं ठरवलंय म्हणे."

"गोळ्या संगं नेतो की वहिनी. तिथं काय पाणी मिळत नाही का?"

हे उत्तर चुकीचं नाही, हीच पंचाईत आहे. कामावर जाणाऱ्याला औषध बरोबर देता येतं, सरकारच्या निक्षय पोर्टलवर पेशंटची बदली दुसऱ्या ठिकाणी करता येते. आमच्या भागातल्या लोकांना गाव सोडल्याशिवाय वर्ष निघत नाही, तेव्हा सहा महिने घरी बसा म्हणणं हा पोटभरल्याचा सल्ला झाला. पण मी पाहिलंय ते असं: पहाटे जीपमध्ये चढणारा माणूस उपाशीपोटी गोळी घेतो, मळमळतं, बाकीच्यांसमोर लाज वाटते, तिसऱ्या दिवशी गोळी पिशवीत राहते. मुकादम रोज बघून गोळी घ्यायला लावणार नाही. आणि मध्येच सोडलेला क्षय परत येतो तेव्हा कधी कधी नेहमीच्या औषधाला दाद देत नाही.

आत्याबाई चुलीपाशी बसून हे ऐकत होत्या. घरात राहणाऱ्यांना क्षय नाही ना, हे तपासून पुढे आजार होऊ नये म्हणून गोळ्या देतात. वहिनी आणि दोन्ही पोरं आठवड्याला एकदाची मात्रा घेतात, बारा आठवडे. आत्याबाई घेत नाहीत. "मला काय धाड भरलीय?" हे त्यांचं कायमचं उत्तर.

नऊ

बाकीची घरं. बाळंतिणीच्या घरी चौदाव्या दिवसाची भेट: बाळाचं वजन, ताप, नाळ, अंगावर पाजतेय का. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा असे दिवस असतात. ते मला आता तिथींसारखे पाठ आहेत. एका गरोदर पोरीला लोहाच्या गोळ्या दिल्या. एका म्हाताऱ्याचं बीपी बघायला उपकेंद्रातल्या सीएचओ (सामुदायिक आरोग्य अधिकारी) मॅडम येणार होत्या, त्या दुसऱ्या गावी अडकल्या. उपकेंद्राचं नाव आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालंय. म्हातारा विचारत होता, देव कुठला बसवलाय.

साडेदहा

आज भावजींच्या खाचरात कापणी होती. मला तिथे औषधाचं काही काम नव्हतं, पण गेले.

दोन महिन्यांपूर्वी या घरात कुणी पाणी पीत नव्हतं. भावजी आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत चिखलातच खोकत खाली बसले, बेडक्यात रक्त आलं. आधी देवऋषी झाला, मग सलाईन झालं. तोवर वजन 38 किलोवर आलं होतं. माझ्याकडे बेडक्याच्या डब्या असतात. सकाळच्या पहिल्या बेडक्याची डबी मी पाठवली आणि मशीनवर क्षयाचा रिपोर्ट आला. रिपोर्ट आल्यावर गावाचं तोंड फिरलं. त्यांचं ताट-तांब्या वेगळा झाला, पोरगी शेजारी खेळायला गेली की तिला घरी धाडायला लागले. मी घरोघर जाऊन सांगत होते की हा ताटातून पसरत नाही, खोकल्यातून हवेत पसरतो; औषध सुरू झालं की काही आठवड्यांत धोका खूप उतरतो; तोंडावर फडकं धरायचं, थुंकीच्या डब्यावर झाकण ठेवायचं, आणि त्यांना आतल्या धुरकट खोलीत न झोपवता पडवीत झोपवायचं, जिथे वारा खेळतो. लोक मान डोलवायचे आणि ताट वेगळंच ठेवायचे.

बदललं ते माझ्या भाषणाने नाही. बचत गटातल्या एका बाईचा भाऊ पूर्वी याच आजारातून उठला होता. ती एके दिवशी भावजींच्या पडवीत बसली, चहा मागितला आणि सगळ्यांच्या देखत प्यायली. मग दुसरी आली. माझं इतक्या दिवसांचं काम तिच्या एका कपाने केलं, असं मी आमचं काम बघणाऱ्या गटप्रवर्तक ताईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "हे रिपोर्टात कुठल्या रकान्यात लिहू?"

आज खाचरात सोळा-सतरा माणसं होती. सावड म्हणजे मी तुझ्या शेतात, तू माझ्या शेतात. त्यात पैसे नाहीत, पण हिशोब पक्का असतो. भावजींनी यंदा कुणाच्याच शेतात विळा चालवलेला नाही, म्हणजे नियमाने त्यांच्याकडे कुणी यायचं कारण नव्हतं. पण वहिनी गेल्या महिन्यात एकट्या चार घरांच्या नागलीला जाऊन आल्या होत्या आणि त्यांच्या जाऊबाई आणखी दोन घरांच्या. बाकीचं पुढच्या सालावर. त्यावरून बांधावर थोडी कुरबूर झाली. एक जण म्हणाला, पुढच्या साली हा उठला तर ठीक. दुसऱ्याने त्याला शिवी घातली. मग कापणी पुढे सरकली.

आजारी माणसाला आधार म्हणजे लोक भेटायला येतात, बिस्किटाचा पुडा आणतात, असं शहरात वाटत असेल. इथे आधार म्हणजे तुमचं भात वेळेत खळ्यावर येणं. ते शेतात पडून राहिलं, दाणा झडला, तर कुठलाही डॉक्टर भावजींना घरी बसवू शकणार नाही.

भावजी बांधावर बसून आळे वळत होते. पेंढी बांधायच्या त्या दोऱ्या बसल्या जागी होतात. मध्ये एकदा उठून भारा उचलायला गेले. दोन खाचरं चढले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले, तोंड उघडं, छाती लपलप. कुणी काही बोललं नाही. जंतू मेले तरी फुप्फुसावरचा व्रण राहतो, दम पुढे कितीतरी महिने लागतो. हे मी त्यांना शंभरदा सांगितलंय. आज भाऱ्याने सांगितलं.

दुपारी एक

जेवण बांधावरच. नागलीची भाकरी, वालाचं कालवण, सुकट. भावजींच्या पानात दोन उकडलेली अंडी जास्त. आणि त्यांची पोरगी त्या अंड्यांकडे बघत होती. हे रोजचं आहे. घरात एकाला पौष्टिक खायला घालायचं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचं काढायचं. त्यांनी एक तिला दिलं. मी बघितलं नाही असं केलं.

क्षयरुग्णाला पोषण आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून पैसे मिळतात. 2018 साली योजना आली तेव्हा महिन्याला 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. ते सुरुवातीला 3000 आणि 84 दिवसांनंतर 3000 असे दोन हप्त्यांत खात्यावर येतात. शिवाय सप्टेंबर 2022 पासून निक्षय मित्र आहेत: कुणी व्यापारी, कुणी अधिकारी, कुणी संस्था पेशंटला दत्तक घेतात आणि धान्या-डाळीची पिशवी देतात. भावजींना दोनदा पिशवी मिळाली. फोटो काढताना त्यांनी तोंडावरचा रुमाल काढायला नकार दिला, त्यांचा तो हक्कच आहे.

या पिशव्यांना मी आधी फार किंमत देत नव्हते. मग एका प्रशिक्षणात झारखंडमधल्या अभ्यासाची माहिती मिळाली. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी तो केला, 2023 साली प्रसिद्ध झाला. 2800 रुग्णांना दरमहा दहा किलोंचं धान्य, डाळ, दूध पावडर, तेल दिलं. निम्म्या रुग्णांच्या घरातल्या माणसांनाही तांदूळ-डाळ दिली. ज्या घरांत सगळ्यांना मिळालं, तिथे नव्याने क्षय होण्याचं प्रमाण 39 ते 48 टक्क्यांनी कमी झालं. आणि रुग्णाचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं तर मरणाचा धोका 61 टक्क्यांनी उतरला. तेव्हापासून मी वजनकाटा घेऊनच हिंडते. भावजी 38 चे 43 झालेत. आणि त्या पोरीला दिलेलं अंडं वाया गेलं असं मला वाटत नाही.

त्याच प्रशिक्षणात मद्रासची गोष्ट ऐकली. 1956 पर्यंत क्षय म्हटलं की सॅनेटोरियम. ज्याच्याकडे पैसे तो पाचगणीच्या हवेत जायचा, नसतील तो घरी खंगायचा. मद्रासमध्ये त्या वर्षी अभ्यास सुरू झाला. निम्मे रुग्ण सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपापल्या गरीब वस्तीतल्या घरी, औषधं सगळ्यांना तीच. वर्षभरानंतर दोन्हीकडे जवळजवळ सारखेच बरे झाले, आणि घरी राहिलेल्यांच्या माणसांना जास्त लागणही झाली नाही. मी हात वर करून विचारलं, मद्रासची माणसं बेताचं खाऊन बरी झाली, मग झारखंडला धान्य कशाला? शिकवणारे डॉक्टर खूश झाले. म्हणाले, औषधाने जंतू मरतात हे मद्रासने दाखवलं. माणूस मरू नये आणि त्याच्या घरचा दुसरा पडू नये यासाठी ताट भरलेलं लागतं, हे झारखंडने दाखवलं. ते मला पटलं. बाकीच्या आशा म्हणाल्या, तू प्रश्न विचारतेस म्हणून जेवायची सुट्टी उशिरा होते.

तीन

टेकडीवर. रेंज तिथेच येते. खालची वाडी, पलीकडे भंडारदऱ्याच्या पाण्याची एक रेघ, आणि हातात मोबाइल. फोटो चढवायचे, माहिती भरायची. भावजींचा पहिला हप्ता आधी दुसऱ्याच खात्यावर गेला होता, कारण आधार कधीतरी एका जुन्या खात्याला जोडलेलं होतं आणि ते खातं आहे हे त्यांनाच आठवत नव्हतं. पैसे सापडले, पण त्यासाठी चार हेलपाटे आणि त्यांचा गाडीभाड्याचा खर्च. दुसऱ्या हप्त्याच्या वेळी तसं होऊ नये म्हणून आज पुन्हा एकदा पाहून घेतलं. 84 दिवस व्हायला आता आठवडाही उरला नाही.

माझंही सांगते. रुग्णाचा सहा महिन्यांचा उपचार पूर्ण झाला की त्याला सांभाळणाऱ्याला 1000 रुपये मिळतात. भावजी मध्येच जीपने गेले तर माझेही गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. गावात एक जण तोंडावर म्हणाला होता, तुला कमिशन मिळतं म्हणून मागे लागतेस. मी म्हटलं, दिवसाला किती पडतात ते भागून सांग. तो सातवी नापास आहे, पण भागाकार त्याला आला. पुन्हा बोलला नाही.

साडेचार

भावजींचा फेरा. देवळापर्यंत आणि परत. पहिल्या महिन्यात अंगणातल्या तुळशीपर्यंत जाताना भिंत धरायचे. आता ते डांगी गायीला घेऊन जातात, तिच्या चालीने चालतात आणि ती थांबली की थांबतात. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम त्यांनी दोन दिवस केला असेल. गाय मात्र चुकत नाही. वाटेत मी उचलीचं विचारलं.

बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दहा हजार. पोरीच्या शाळेला आन् घराच्या पत्र्याला. वहिनी, लोकांनी माझं भात कापलं, ते मी पुढल्या सालाला फेडीन. मुकादमाचं सालावर चालत नाही."

मला वाटत होतं, बरं वाटायला लागलंय म्हणून हे निघालेत. खरं तर त्यांना स्वतःलाही माहीत होतं की बरं वाटत नाहीये.

संध्याकाळी सात

जीप आली तशी मुकादमाला गाठलं आणि भावजींच्या पडवीत आणून बसवलं. पोलीस पाटील आले, बचत गटातली ती चहावाली आली, भावजींचा धाकटा भाऊ आला. मुकादम काही वाईट माणूस नाही. त्यानेही बागाइतदाराकडून पैसे उचललेत आणि त्याला माणसं पुरवायचीत. तो म्हणाला, औषध संपेपर्यंत, म्हणजे शिमग्यापर्यंत थांबलो तर हंगाम सरतो, मग मी कुणाकडे बघू? पाटील म्हणाले, माणूस गेला तर कुणाकडे बघशील? मुकादम म्हणाला, म्हणूनच तर आता मागतोय. यावर सगळे हसले, भावजीसुद्धा, आणि हसताना त्यांना खोकला आला. तेवढ्यात काम झालं असतं तर बरं, पण झालं नाही. दहा हजार ते दहा हजारच.

शेवटी धाकटा भाऊ पंधरा दिवस जातो म्हणाला. त्याची मजुरी उचलीत वळती करायची. गटातून थोडं कर्ज निघतं का, ते पुढच्या बैठकीत बघायचं. उरलेलं शिमग्यानंतर. एवढ्यात वहिनी दारातून म्हणाल्या, "मीबी जाते. दोघांचं पडंल तं लवकर फिटंल."

मी नको म्हटलं. त्या घरात नसतील तर अंडी कोण उकडणार, पोरं कोण बघणार, खळ्यावरची झोडणी कोण करणार? त्यांनी उत्तरं तयार ठेवली होती: जेवण जाऊबाई, झोडणी सावडीतली माणसं, आणि त्या आठच दिवस जाणार. त्यांची स्वतःची आठवड्याची गोळी राहायला नको म्हणून ती मी त्यांच्या हातात दिली, वार सांगितला. मला हे पसंत नाही. पण दहा हजार माझ्याकडे नाहीत, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याने किती नको म्हणायचं.

मग राहिला सकाळी सातचा प्रश्न. दोन दिवस मला प्रशिक्षणाला अकोल्याला जायचंय. धाकटा भाऊ नाही, वहिनी नाहीत. पोरगी लहान. सगळ्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. मी त्यांना पाकीट दाखवलं, एका वेळच्या तीन गोळ्या कुठल्या, रिकामी जागा कशी दिसते, गिळल्यावर तोंड उघडायला कसं लावायचं. त्यांनी पाकीट उजेडाकडे धरलं, बोटाने एकेक उंचवटा चाचपला आणि म्हणाल्या, "येवढंच व्हय? येवढ्यासाठी तू रोज येतीस?"

"एवढ्यासाठीच. आणि तुमच्या गोळ्यांसाठी."

"त्याच्या मी मोजते," त्या म्हणाल्या. "माझ्या तू मोज. पन आधी भाकर खाऊन घे, मग वजन कर माझं."